बाबांच्या ग्रंथावर हात

शालोम

हिल्सबरो, ऑकलंड
१३ नोव्हेंबर २००५

ती. शमुवेलदादास,
धाकट्या रिबकाचा सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुझं ऑगस्टमधलं पत्र अजून माझ्या टेबलावर आहे आणि मी त्याला रोज उत्तर देते, फक्त मनात. मनातली पत्रं इतकी छान उतरतात की कागदावरची राहूनच जातात. हा आळस आहे की दुसरं काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू टाउनशिप कौन्सिलवर निवडून आलास! आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. तिने आधी विचारलं, म्हणजे याला आता रोज कचेरीत जावं लागणार का, आणि मग विचारलं, शनिवारी सुट्टी असते ना. सुशील म्हणतो की सासरच्या माणसांतून निदान एक मंत्री निघावा ही त्याची लग्नापासूनची अट होती, कौन्सिलवर तो तूर्त समाधान मानतो आहे. जुईने शाळेत सांगितलं की मामा अमेरिकेत पॉलिटिशियन आहे. मैत्रिणींनी विचारलं टीव्हीवर दिसतो का, त्यामुळे ती जरा हिरमुसून घरी आली.

सध्या सकाळी मानुकाउच्या खाडीवर धुकं येतं. पलीकडचा किनारा पुसला जातो आणि नुसतं पाणी उरतं, तेही पाणी आहे की आभाळ ते कळत नाही. आई चहाचा कप घेऊन खिडकीशी बसते आणि नागावचा समुद्र बघते. मी तिला दुरुस्त करत नाही. तिचं म्हणणं, शुक्रवारी सूर्य आधी इथे मावळतो, म्हणून साबाथचा विसावा पृथ्वीवर आधी आपल्या दारात येतो. शुक्रवारी दिवा लावला की ती त्याला सांगते, थोडा वेळ बस आणि मग शमुवेलकडे जायला निघ, त्याचं घर लांब आहे.

आता मुद्द्याचं. जानेवारीतल्या शपथविधीसाठी तू फोनवर बाबांचा ग्रंथ मागितलास आणि मी लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की एका पानावर हिब्रू आणि समोर मराठी असलेला तो प्रार्थनेचा ग्रंथ माझा नाही, आईचा आहे. तिला विचारायला हवं होतं. विचारून कळवते.

वहिनीला नमस्कार. आहे तो लोभ तसाच राहू दे, वाढला तर आमची हरकत नाही.

तुझी
रिबका


शालोम

न्यू जर्सी
२२ नोव्हेंबर २००५

चि. रिबकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईचे प्रश्न वाचून एस्थर इतकी हसली की तिचा चष्मा पडला.

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या ज्यू लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी मला जेवायला बोलावलं. एक न्यायाधीशबाई, दोन मेयर, शिक्षण मंडळावरचे काही, आणि राज्याच्या विधानसभेत पूर्वी असलेले एक वृद्ध गृहस्थ. न्यायाधीशबाईंनी फार प्रेमाने विचारलं की मी धर्मांतर केव्हा केलं. मी म्हटलं, आमच्या घरी सांगतात त्याप्रमाणे कोकण किनाऱ्यावर गलबत फुटलं तेव्हाच आम्ही ज्यू होतो, आणि त्याला दोन हजार वर्षं झाली. त्यावर एका मेयरने कबूल केलं की नागावकर हे नाव वाचून तो मला जपानी समजला होता. म्हातारबुवा म्हणाले, त्यांच्या वडिलांनी निवडणुकीसाठी आडनाव कापून आखूड केलं, ज्यू वाटू नये म्हणून. पुढे म्हणाले, पाच वर्षांपूर्वी आपल्यातला एक जण उपराष्ट्रपतीपदाला उभा राहिला, शनिवारी प्रचार करणार नाही असं उघड म्हणाला आणि कुणाला भोवळ आली नाही. इतकं सगळं सोपं झाल्यावर तू आलास, आणि आता तू ज्यू आहेस हेच कुणाला पटत नाही! सगळे हसले. मीही हसलो. गाडीत बसल्यावर मात्र हसू टिकलं नाही.

म्हणून तो ग्रंथ हवा. हिब्रू आणि मराठी समोरासमोर. त्यावर हात ठेवला की मग मला कुणाला काही समजावून सांगायला नको. इथल्या छोट्या वर्तमानपत्रात ते छापूनही आलं आहे. शपथविधी चार जानेवारीला.

सगळ्यांना गोड पापे. जुईला सांग, मामा टीव्हीवर आलाच तर आधी केस कापून येईल.

तुझा
शमुवेलदादा


शालोम

हिल्सबरो
४ डिसेंबर २००५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. तुझं पत्र नेहमीप्रमाणे शुक्रवारी दिव्यानंतर आईला वाचून दाखवलं. तिने शांतपणे सांगितलं की ग्रंथ मिळणार नाही.

तिचं म्हणणं असं की बाबांनी जन्मात शपथ घेतली नाही. अलिबागच्या कोर्टात जमिनीच्या खटल्यात साक्षीला गेले तेव्हासुद्धा ते म्हणाले, शपथ घेत नाही, खरं तेवढं सांगतो, आणि न्यायाधीशांनी ते मान्य केलं. ग्रंथ वाचण्यासाठी असतो, हात टेकायला टेबल असतं, असं आई म्हणाली. तुझ्या वर्तमानपत्राचं सांगितलं तर म्हणाली, त्यांना विचारून बाबा जगले नाहीत.

काल ती दुपारी झोपलेली असताना मी कपाट उघडून ग्रंथ हातात घेतला. तिला आता जवळचंही नीट दिसत नाही. त्या जागी दुसरं एखादं जाड पुस्तक ठेवलं असतं तर तिला बरेच दिवस कळलं नसतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा येत होता, त्यात धूळ तरंगत होती, आणि मी किती वेळ तशी उभी होते कुणास ठाऊक. मग परत ठेवला. हा प्रामाणिकपणा होता की नुसती भीती, हे मी स्वतःला विचारते आहे. तुला बरं वाटावं म्हणून प्रामाणिकपणा म्हणून घेते.

अमेरिकेत शपथेऐवजी देवाचं नाव न घेता नुसती प्रतिज्ञा करता येते, असं मी वाचलं. ते करशील का? इथेही तसंच आहे. पुढच्या आठवड्यात आमचा नागरिकत्वाचा समारंभ आहे आणि फॉर्मवर मी न वाचता शपथेपुढे खूण केली होती. आता तीच खूण डोळ्यांपुढे येते.

रागावलास तरी लिही. न लिहिण्याइतका रागावू नकोस.

तुझी
रिबका


न्यू जर्सी
१३ डिसेंबर २००५

चि. रिबकास,
आशीर्वाद.

रागावलो आहे आणि लिहितो आहे.

निवडणुकीत विरोधी बाजूने एक पत्रक वाटलं होतं. त्यावर माझा फोटो होता, मुद्दाम काळपट छापलेला, आणि खाली एकच प्रश्न, या माणसाला आपण खरंच ओळखतो का. दोन हजार एकच्या हल्ल्यानंतर इथे असा प्रश्न कुणाला आणि कशासाठी विचारतात ते तुला सांगायला नको. आता मी सगळ्यांसमोर उभा राहून शपथ घेणार नाही म्हणालो, तर त्या प्रश्नाचं उत्तर मीच त्यांच्या हातात दिल्यासारखं होईल.

आईला अलिबागच्या कोर्टातले बाबा आठवतात. बाबांना तिथे न्यायाधीशांपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळे ओळखत होते. त्यांचा शब्द पुरत होता. मला इथे कोण ओळखतं? हे तिला वाचून दाखव. गाळू नकोस. तुला गाळायची सवय आहे.

इथल्या सिनेगॉगमधून इंग्रजी ग्रंथ मिळेल. बघतो.

शमुवेल


शालोम

हिल्सबरो
२८ डिसेंबर २००५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत ग्रंथ आहे. आधी तेच सांगते, म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील. सुट्ट्यांमुळे कुरियरचं ऑफिस आजच उघडलं. वेळेत पोचेल असं ते म्हणतात. त्यांनी ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणून, म्हणजे ‘एकदम बेस्ट होईल’ अशी इथल्या बोलीतली, हमी दिली आहे, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा ते सुशीललाही ठाऊक नाही.

तुझं पत्र पूर्ण वाचलं. गाळायच्या सवयीचं वाक्यसुद्धा, आणि तेव्हा आई माझ्याकडे बघून हसली, म्हणजे ते खरं असणार. पुढचं शनिवारी संध्याकाळचं. इथे उन्हाळ्यात संध्याकाळ संपतच नाही. पोहुतुकावाच्या झाडाखाली लाल केसरांचा सडा पडतो आणि उजेड त्या लालीत बराच वेळ रेंगाळतो. आई अंगणात खुर्ची टाकून साबाथ संपवणारे तीन तारे दिसायची वाट बघत होती. तिला तारे दिसत नाहीत, जुई मोजून इंग्रजीत सांगते आणि आई मराठीत खात्री करून घेते. तिसरा तारा झाल्यावर ती उठून आत गेली आणि ग्रंथ घेऊन आली, स्वतःच्या जुन्या पांढऱ्या साडीच्या तुकड्यात बांधलेला.

ती म्हणाली, त्याला तिथे कोण ओळखतं हे त्याने बरोबर विचारलं. ग्रंथ त्याला दे. हात ठेव असं मी म्हणणार नाही, ठेवू नको असंही म्हणणार नाही.

आमचा समारंभ झाला. मी अर्जातली खूण बदलून घेतली आणि प्रतिज्ञेच्या वेळी उभी राहिले. बाबांसाठी राहिले की चारचौघांत वेगळं दिसावं म्हणून, हे अजून कळलेलं नाही. मला इथे पत्रक वाटून कुणी प्रश्न विचारला नव्हता. तुझ्यापेक्षा माझं सोपं होतं, एवढं मात्र त्या हॉलमध्ये पक्कं कळलं.

जे करशील ते जसं झालं तसं कळव. आमचा जीव तिकडेच आहे.

तुझी
रिबका


शालोम

न्यू जर्सी
६ जानेवारी २००६

चि. रिबकास,
अनेक उत्तम आशीर्वाद. गेल्या पत्रात ‘अनेक उत्तम’ गाळलं होतं, तेही यात धर.

ग्रंथ तीन तारखेला दुपारी आला. साडीची गाठ एस्थरने सोडली. आईच्या कपाटाचा वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला. बाहेर बर्फ पडत होता. क्षणभर मला आपण कुठल्या देशात आहोत ते सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी ठरवलं होतं, प्रतिज्ञा करायची. आईने ग्रंथ मोकळ्या मनाने दिला, तेव्हा मीही मोकळा झालो असं वाटलं होतं. व्यासपीठावर टाउनशिपच्या क्लार्कबाईंनी हळूच विचारलं, शपथ की प्रतिज्ञा. मी सभागृहाकडे बघितलं. पहिल्या रांगेत ते पत्रक काढणारा माणूस बसला होता, हाताची घडी घालून. मी म्हणालो, शपथ.

एस्थरने ग्रंथ धरला आणि मी हात ठेवला. टाळ्या झाल्या. न्यायाधीशबाईंनी मराठीचं पान उघडून बोट फिरवलं. तो माणूससुद्धा येऊन हात मिळवून गेला. सगळं मला हवं होतं तसंच झालं, आणि घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

मी भ्यालो की व्यवहाराने वागलो, हे तूच ठरव, तुला अशा प्रश्नांची आवड आहे. आईला सांगायचं की नाही, हेही तुझ्यावर. या वेळी गाळलंस तर मी काही म्हणणार नाही. शपथेचे शब्द इंग्रजीत वेगळ्या कागदावर सोबत आहेत, जुईला दाखव.

तुझा
दादा


शालोम

हिल्सबरो
१५ जानेवारी २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाही गाळलं.

गाळण्याचा विचार केला होता. शुक्रवारी पत्र वाचताना क्लार्कबाईंपर्यंत आले आणि थांबले. आई म्हणाली, पाणी पी आणि पुढे वाच. मी वाचलं. दिव्याची वात जराशी हलत होती. सुशील टेबलावरची मिठाची वाटी उगाच इकडची तिकडे करत होता. मला वाटलं आता ती उठून जाईल.

तिने विचारलं, नेमकं काय बोलला तो? मी तुझ्या कागदावरून तोडकंमोडकं सांगितलं. राज्यघटनेशी निष्ठा ठेवीन, पदाची सगळी कामं इमानाने, कुणाची बाजू न घेता आणि न्यायाने करीन. आईने ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, बाप रे, एवढं कबूल केलं? आणि कुणाची बाजू न घेता? या पोराला लहानपणी पत्त्यांतसुद्धा ते जमलं नाही.

सुशील हसला, मग मीही. ती हसली नाही. म्हणाली, तुझे बाबा शपथ घेत नव्हते ते काही देवाला भिऊन नव्हे. त्यांचं म्हणणं, एकाने शपथ घेतली की ती सगळ्या घराला पाळावी लागते, आणि घराला विचारल्याशिवाय घराच्या डोक्यावर ओझं का ठेवायचं. शमुवेलने घेतलीच आहे तर आता ती आपली झाली. तो एकटा किती सांभाळणार? तिकडे त्याला आठवण करून द्यायला कोण आहे? रोज सकाळी मी ती म्हणत जाईन, म्हणजे त्याच्याकडून काही निसटलं तर निदान एका ठिकाणी ती पुरी असेल.

दादा, तू भ्यालास का, हे मी दोन दिवस ठरवत होते. आता ठरवायचं सोडलं आहे. या घरात तो प्रश्न आता कुणी विचारत नाही. आई मात्र विचारते की तुमच्या कौन्सिलची पहिली बैठक कधी, आणि तिथे भांडणारे दोन्ही पक्ष कोण.

जेवत जा. तिकडचा लोभ इकडे येऊ दे, इकडचा निघालेलाच आहे.

तुझी
रिबका

ता. क. उद्याचं काम: दादाची शपथ मराठीत करून, आईला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून देणे.