सान रोकेच्या पायाखालचं कौल

३ जून

भट्टीच आहे! दोन हजार वर्षांपूर्वीची, रोमन लोकांची, कौलं भाजायची. उत्खननाच्या इदोयाबाईंनी आज दुपारी तिचं तोंड मोकळं केलं. आतली काजळी अजून ताजी — बोट लावलं तर बोट काळं झालं. त्या उताराला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कौलमाळ म्हणतो. का म्हणतो, ते एकालाही ठाऊक नव्हतं.

एका कौलावर कुत्र्याचा पंजा उमटलाय. इदोयाबाई म्हणाल्या, "ओली कौलं वाळत घातली असतील, हे हुंदडत आलं असेल, आणि मग कुंभाराच्या शिव्या."

त्या शिव्या मला जवळजवळ ऐकू आल्या.

९ जून

शेजारच्या मोंतेआग्रिओचा सरपंच नकाशा घेऊन आला. हद्दीचा दगड माळाच्या माथ्यावर आहे, म्हणून म्हणे माळ त्यांचा, भट्टीही त्यांची. जमीन ज्या गावाची, प्रदर्शन त्या गावात, असं प्रांताने ठरवलंय. त्यांच्याकडे तीनशे माणसं, बेकरी, दवाखाना. आमच्या रिबाकोर्व्हात एकसष्ट माणसं, आणि आम्हाला त्यांच्यातच मिसळून टाकायचं घाटतंय. प्रदर्शन मिळालं तर आमची बंद शाळा उघडेल. गाव गाव राहील. त्याच शाळेत मी अक्षरं गिरवली.

आमची सरपंच नीव्हेस बार चालवते. त्याला म्हणाली, "नकाशा गुंडाळा आणि कॉफी घ्या. कपाखालचं टेबल तरी आमच्या हद्दीत आहे ना?"

बाबा शेवटपर्यंत सांगत, ओढा आपला, दगड ओढ्यापलीकडे होता. म्हणजे कुणीतरी तो वर सरकवला. चोर आहेत ते. लिहूनच ठेवतो — चोर.

१० जून

कालचा शब्द प्रार्थनेच्या वेळी आडवा आला. तरी खोडला नाही.

१४ जून

साक्षीदार! कसं विसरलो?

बाबांनी सांगितलं होतं. हद्दीचा दगड रोवताना दोन्ही गावची माणसं मिळून एक कौल फोडायची. चार तुकडे. दोन दगडाखाली पुरायचे, वर कोळसा टाकायचा. उरलेले दोन दोन्ही गावांच्या चर्चमध्ये, एकेक. त्यांना साक्षीदार म्हणायचं. दगड हलवता येतो, पण चार तुकडे जुळले की खरी जागा कळते.

नीव्हेसला सांगितलं. तिने हातातला पेला तसाच खाली ठेवला. "बासिलिओ, तू पन्नास वर्षांत एकदाच बोललास, पण बोललास."

२१ जून

प्रांताचा अधिकारी, दोन्ही सरपंच, निम्मं निम्मं गाव. माथ्यावरच्या दगडाखाली खणलं. नुसती माती. कौल नाही, कोळसा नाही.

त्यांचा सरपंच हसला. "साक्षीदार पळाले वाटतं!"

इदोयाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे हा दगड मूळचा इथला नाही."

ओनेसिमो बांधावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मोंतेआग्रिओच्या चर्चची किल्ली त्याच्याकडे, आमच्या चर्चची माझ्याकडे. सत्तरी उलटली तरी जीभ तशीच. "काय रे पोरा, तुमची घंटा अजून शेळीच्या गळ्यातलीच ना?"

"शेळीची असेल काका, पण वेळेवर वाजते."

"वेळेवर वाजते, पण ऐकायला कोण आहे?"

लोक हसले. मला लागलं.

२ जुलै

सापडले! ओढ्यापलीकडे, म्हाताऱ्या ओकच्या मुळाशी. बाबा म्हणत तिथेच. कौलाचे दोन तुकडे, वर कोळशाचा थर. दोन्ही एकमेकांत बसतात. एकावर कुत्र्याच्या पंज्याची टाच आहे, भट्टीतल्या कौलासारखीच. मातीतच गुडघे टेकले.

३ जुलै

त्यांचा सरपंच म्हणतो, "कौलांच्या भट्टीजवळ कौलाचे तुकडे सापडले, यात नवल ते काय? माझी कोंबडी उकरते तेव्हाही सापडतात."

खरंच आहे. अधिकाऱ्यानेही मान डोलावली. चर्चमधले दोन तुकडे आणा, म्हणाला. दोन्ही गावांचे. ते जुळले तर हद्दीच्या कागदावर सही.

१९ जुलै

आपलं चर्च पालथं घातलं. पेटी, कपाट, वेदीमागचा कोनाडा. काही नाही.

ओनेसिमोला विचारायला गेलो. "आमच्या चर्चमध्ये तसलं काही नाही," म्हणाला. डोळ्याला डोळा दिला नाही. दारातच उभं ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही.

९ ऑगस्ट

देवा, माझ्या मूर्खपणाला सीमा नाही!

सणासाठी आमच्या गावच्या संताला, सान रोकेच्या मूर्तीला, पुसायला खाली उतरवलं. त्याच्या चौरंगाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली टेकू — कौलाचा तुकडा. मीच घातलेला. वीस वर्षांपूर्वी मूर्ती डुगडुगत होती, म्हणून पेटीत चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी सापडलं ते सरकवलं, आणि चिंधीला हात पुसून ती फेकून दिली. रोज त्याच्यासमोर मेणबत्ती लावत होतो!

धावत इदोयाबाईंकडे. तुकडा ठेवला. बसला. पंज्याची दोन बोटं आली.

नीव्हेस म्हणाली, "सान रोकेच्या पायाशी कुत्रं असतंच. याने स्वतःचं पाऊल सांभाळलं, तू नाही."

तरी अधिकारी म्हणतो, तिन्ही तुकडे तुमच्याच बाजूचे. चौथा त्यांच्याकडून आला तर सही.

म्हणजे ओनेसिमोच्या हातात. म्हणजे झालंच.

१६ ऑगस्ट

आज सान रोकेचा सण. मिरवणूक चौकात वळली, आणि मोंतेआग्रिओच्या रस्त्याने ओनेसिमो येताना दिसला. एकटा, पायी, रविवारचा कोट घालून. बँडबाजा आपोआप थांबला.

त्याने खिशातून तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. ओशट होता.

"बायकोच्या जैतुनांच्या बरणीत वर वजन म्हणून होता. चर्चमध्ये नव्हता. मी खोटं बोललो नाही पोरा, पुरतं खरंही बोललो नाही."

नीव्हेसने विचारलं, "तुमच्या सरपंचाला माहीत आहे?"

"उद्या कळेल. बेकरीत पाव मिळायचा बंद होईल."

"पाव आमच्याकडून न्या."

"तुमच्याकडे बेकरी कुठाय?"

पहिल्यांदा सगळे एकत्र हसले. अधिकारी सणाला आलाच होता. बारच्या टेबलावर चार तुकडे मांडले. जुळले, केसभरही फट नाही! आख्खा पंजा. अधिकाऱ्याने तिथेच सही केली. माळ आमचा, भट्टी आमची, शाळा उघडणार. हात सोलवटेपर्यंत घंटा वाजवली. खाली म्हाताऱ्या बायका रडत होत्या. ओनेसिमो टोपी काढून शेवटचा टोल विरेपर्यंत उभा होता.

१९ ऑगस्ट

ओनेसिमोकडे घरी भाजलेला पाव घेऊन गेलो. आज आत बसवलं. विचारलं, काका, का आणलंत?

म्हणाला, "दगड माझ्या आजाने आणि तुझ्या आजाने मिळून वर नेला. आमचा झरा आटला होता, गुरं मरत होती, आणि परक्या हद्दीत पाणी पाजलं की राखणदार दंड करायचा. तुझा आजाच म्हणाला — चल, ओढाच तुमच्या हद्दीत घालू. साक्षीदार तिथेच राहू देत, पाऊस पडला की दगड परत आणू. पाऊस पडला, पोरा. आम्ही परत आणला नाही."

९ जूनचा तो शब्द आज खोडला.