कॅमेऱ्याकडे पाठ

९ मार्च

तीन वर्षांनी पोरगा घरी आला आणि आधी माझं तोंड नाही बघितलं, भिंत बघितली! ऊन कुठून येतं, किती वाजेपर्यंत टिकतं – उंबऱ्यात उभं राहून हेच. मी म्हटलं, "मग भिंतीलाच आई म्हण." तर हसला. वाळलाय नुसता. सोबत ग्वाक नावाची पोरगी, कॅमेरा सांभाळणारी. तिनं तरी वाकून नमस्कार केला.

आमचा उनसोप सातवा सिनेमा करणार म्हणे. इथंच, माझ्या घरात. माझ्यासोबत.

नको.

१० मार्च

का नको, ते इथं लिहिते. तोंडानं बोलवत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गावच्या सभागृहात अक्षरं शिकले, तेव्हा बाई म्हणायच्या, आजी, रोज चार ओळी लिहा. त्यांना वाटलं असेल, समुद्रातलं खायचं शेवाळ किती वाळलं ते लिहीन.

पहिल्या सिनेमात त्यानं बापाला घेतलं. म्हातारा जाळं विणतोय. बस, दोन तास तेच. सिनेमा लागायच्या आत म्हातारा गेला. दुसऱ्यात माझी थोरली नणंद, माकुल मासळी वाळत घालताना. वर्ष नाही निघालं तिचं. चौथ्यात घंटा ओतणारा कारागीर – तोही गेला. उनसोप कापाकापी करत नाही. कॅमेरा एकदा रोखला की समोरचं माणूस उठून जाईपर्यंत हलवत नाही.

आणि माणसं उठून जातातच.

चौथा सिनेमा गावात दाखवला तेव्हा गावप्रमुख घोरत होते. परदेशात म्हणे लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. काचेचं बक्षीस मिळालं. मी ते किमचीच्या रांजणात, आंबवलेला कोबी दाबायला ठेवलंय. वजनाला बरं आहे.

१३ मार्च

विचारलं शेवटी. "तू ज्याला घेतोस तो मरतो. माहितीये ना तुला?"

"आई, ती माणसं म्हातारीच होती. म्हणून तर घेतली."

"मग मी काय तरणी आहे?"

भाताच्या वाडग्यात बघत बसला. मला वाटलं होतं हसेल.

१४ मार्च

खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा लागला, जेवायच्या मेजासमोर. त्याचा तो काळा डोळा! पण मीही काही कच्ची नाही. म्हटलं, "मला दाराचा वारा लागतो. मी इकडं बसते, तू तिकडं बस." म्हणजे माझी पाठ कॅमेऱ्याकडे. पाठीला काय होतंय!

वाटलं, भांडेल. बापाला तोंड उजेडाकडे कर म्हणून दिवस-दिवस छळायचा हा. आज नुसता म्हणाला, "बस आई, बरं वाटेल तिथं."

जिंकले मी!

२० मार्च

पाठ, पाठ, पाठ. मान आखडली.

२६ मार्च

किनाऱ्यावर शेवाळ पसरत होते. शेजारची प्योंगसुची आई आली, लांबच उभी राहिली.

"ऐकलं, तुझा सिनेमा निघतोय! त्यातूनच एक फोटो काढून घे गं. तिरडीपुढं ठेवायला होईल फुकटात."

"तुझा आधी बघेन, मग मरेन."

ती गेली. मग शेवाळ काही सरळ पसरेना.

मेले तर मेले. एक्याऐंशी झाली, कुणाचं अडत नाही. पण पोराच्या हातून नको. मागे उरेल तो एकटा. बापाच्या वेळी महिनाभर अन्नाला शिवला नव्हता. मग कोण सांगणार त्याला, की तू नाही मारलंस?

१ एप्रिल

शेवाळाचं सार केलं, नव्या हंगामाचं. अर्धा वाडगा टाकला त्यानं. शहरात राहून जीभ मेली याची! गोळ्या मात्र मूठभर गिळतो. "कसल्या रे?" "ताकदीच्या." ताकद कुठंय पण? दुपारी खालून तापवलेल्या जमिनीवर कॅमेऱ्यासमोरच झोपतो. मी उशाशी बसते. पाठ तिकडं करूनच.

४ एप्रिल

परसात दोघं कुजबुजत होते.

"सर, आजींना सांगा आता."

"सिनेमा झाल्यावर."

"त्यांना वाटतंय की–"

"ग्वाक!"

मला दार उघडताना बघून दोघं कपडे वाळत घालायला लागले. कोरडेच कपडे! काय सांगायचंय मला? तोंड फिरवून बसा, हेच असणार. की माझंच काही दिसलंय त्यांना त्या काचेतून?

उद्या तो शहरात जाणार आहे. पोरगी एकटी सापडेल.

५ एप्रिल

ग्वाकला धरलं. म्हटलं, माझं काय काय घेतलंय, दाखव.

मी नाहीच त्यात! कडेला माझी पाठ, पोत्यासारखी. मधोमध तो. जेवतोय, वाडगा ढकलतोय, झोपतोय. तीन आठवडे कॅमेरा त्याच्या तोंडावर. आणि तिथं बसवला कुणी? मी!

ग्वाक रडायला लागली. "आजी, हा सिनेमा सरांवरच आहे. यकृत गेलंय त्यांचं. डॉक्टर म्हणाले, सुगीच्या सणापर्यंत टिकणार नाहीत."

मी नाही रडले. कॅमेऱ्यावर गोधडी टाकली.

मरणाचे दूत वरून न्यायला येतात, ते दारात उभं राहून तीनदा नाव घेतात. जे ओ देईल ते माणूस त्यांचं. उनसोप आला की चपला काढायच्या आधी बजावणार आहे – तुझ्या नावानं कुणीही हाक मारू दे, तू तोंड उघडायचं नाहीस. ओ मी देणार.