डोळ्यांचा थर

दि. ३ जुलै

चि. गठुड्यास,

आशीर्वाद. वि. वि. मी कॉम्प्युटरवर चित्रं आणि फोटो दुरुस्त करायला शिकवणाऱ्या क्लासला नाव घातलं आहे. हसून झालं की पुढे वाच.

क्लास म्हणजे औषधांच्या दुकानावरची लांबट खोली. खिडक्यांना काळे पडदे आणि खुर्च्यांना चाकं. पहिल्या दिवशी बसले ती सरकत थेट मागच्या भिंतीला टेकले. बाकी सगळी विशीतली. त्यांना वाटलं, मी कुणाची तरी आजी, तक्रार घेऊन आले आहे. शिकवणारी बाई माझ्या विद्यार्थिनींच्या मुलींच्या वयाची. केसांची टोकं निळी. पण उशिरा येणाऱ्यांना दारात उभं करते, म्हणून केसांकडे मी दुर्लक्ष केलं. माझं पहिलं पोस्टर सूचनाफलकासारखं दिसतं म्हणाली. जन्मभर शाळेत सूचनाफलकच लिहिले, दुसऱ्या कशासारखं दिसणार?

यात थर नावाचा प्रकार असतो. चित्रावर काच ठेवल्यासारखा एक थर ठेवायचा आणि काय करायचं ते त्या काचेवर करायचं. खालचं मूळ चित्र तसंच राहतं. प्रत्येक थराच्या नावापुढे बारकासा डोळा असतो. तो दाबला की थर दिसेनासा होतो, पुन्हा दाबला की दिसतो. ही सोय माणसांच्या बाबतीत असती तर वर्गातल्या काही मुलींना मी जूनमध्येच मिटवलं असतं.

आता मुद्दा. आईचा फोटो पाठव. तिचा तेवढा एकच, आणि त्यातही डोळे मिटलेले. ती गेल्यावर, तू बोलायला लागलास तेव्हा, तो हातात घेऊन मला विचारायचास की आई कधी उठणार. मी तो काढून घेऊन तुझ्या हातात बिस्किट ठेवायचे. आता बघते.

दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठव. घडी घातलीस तर गाठ माझ्याशी आहे.

लोभ वाढव, वजन वाढवू नकोस.

तुझी ताई

*

दि. १२ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र दुकानातच वाचलं. समोर चष्म्याची काडी बसवून घ्यायला आलेले एक गृहस्थ होते. मी एकटाच हसतो आहे हे पाहून त्यांनी काडी परत मागितली.

फोटो पाठवतो आहे. पुठ्ठे तीन लावलेत, आता तरी पाठीत धपाटा नको. आईची खुर्ची आणि शेजारी उभ्या असलेल्या तुझा फ्रॉक यांच्यामधला तपकिरी डाग पसरला आहे. तेवढा काढलास तरी पुष्कळ.

आणि खरं सांगू? दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांत बघत असतो. गिऱ्हाइकाचं नाव विसरतो, डोळे विसरत नाही. आणि आपल्याच आईचे मला माहीत नाहीत. बाबांना एकदा विचारलं होतं. डोळ्यांसारखे डोळे, असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलेलं मला बघायचं आहे. या वयात हट्ट शोभत नाही, पण तुझ्याजवळ नाही करायचा तर कुणाजवळ?

सौ. विचारते की क्लासला डबा नेतेस का.

राग आवरून लोभ करावा.

तुझा
गठुडं

*

दि. ९ ऑगस्ट

चि. गठुड्यास,

आशीर्वाद. डबा नेते. शेजारची मुलगी त्यातलं निम्मं खाते आणि मला कीबोर्डवरच्या युक्त्या शिकवते. सौदा बरा आहे.

फोटोवरचे ओरखडे गेले. शेजारचा चांगला तुकडा उचलून खराब जागेवर ठेवायचा, एवढंच असतं ते. गोधडीला ठिगळ लावण्यापेक्षा सोपं. पहिल्या खेपेला मी उत्साहानं आईचा गाल इतका गुळगुळीत केला की मास्तरीणबाई म्हणाल्या, चमच्यासारखा दिसतो. सगळं पुन्हा केलं. डागही शेजारचा काळोख उचलून बुजवला.

चेहरे मोठे करून बघताना तो दिवस डोळ्यांपुढे आला. स्टुडिओत मागे रंगवलेला जिना होता. मी त्यावर चढायला गेले आणि पडद्याला डोकं आपटलं. आई हसली. तिचं हसू ऐकू यायचं नाही, खांदे हलायचे. माझे बूट मोठे होते, आत कागदाचे बोळे कोंबले होते. फोटोग्राफर म्हणाला, सगळ्यांनी इकडे बघा, आणि काळ्या कापडात शिरला. त्याचं ऐकलं फक्त मी. टक्क डोळे उघडून उभी राहिले. तू दुपट्यात गुंडाळलेलं गठुडं, मांडीवर वळवळत होतास आणि आईचं सगळं ध्यान तुझ्यात. आयत्या वेळी डोळे मिटले तिनं. फोटोत तुमच्यात आणि माझ्यात हातभर अंतर आहे. डाग नेमका तिथेच पडला होता, ते एका परीनं बरंच.

डोळ्यांचं काम राहिलं आहे. ते होईल. घाई करू नकोस.

लोभ ठेव आणि दुकानात हसत जाऊ नकोस.

तुझी ताई

*

दि. ३० ऑगस्ट

चि. गठुड्यास,

आशीर्वाद. फोटो सोबत आहे. डोळे उघडले. कसे, ते विचारू नकोस, तो विद्येचा भाग आहे. मूळ फोटो सध्या माझ्याकडेच राहू दे, तुझ्या कपाटात ओल येते.

घे, बघते आहे ती तुझ्याकडे.

लोभ आहेच.

तुझी ताई

*

दि. २१ सप्टेंबर

चि. गठुड्यास,

आशीर्वाद. फोटो पोचला की नाही, पोचला तर आवडला की नाही, काहीच कळत नाही. फोन केला तर सौ. म्हणते, ते दुकानात आहेत. रात्री जेवायच्या वेळीही दुकानातच? तब्येत बरी नसेल तर तसं सांग. दुसरं काही असेल तर तेही सांग. मी ऐकून घेईन. एवढं मी कुणाला सहसा लिहीत नाही.

पत्राची वाट बघते.

ताई

*

दि. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तब्येत बरी आहे.

पाकीट उघडलं तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. मी तिथेच जमिनीवर बसलो. सौ.नं फोटो भिंतीवर लावला. मग गंमत सुरू झाली. फोटोसमोरून जाताना मी चपला सरळ करू लागलो. दुसऱ्यांदा वाढून घेताना हात आखडू लागला. मी सौ.ला म्हणालो, आई फार कडक असणार. ती सहज म्हणाली, हो ना, थेट ताईंसारखं बघतात.

मी ताटावरून उठलो. फोटो दुकानात नेऊन दिव्याखाली धरला. डावी पापणी किंचित उतरलेली. ती पापणी सांभाळून तुझ्या प्रत्येक चष्म्याची फ्रेम मी स्वतः वाकवत आलो आहे. ताई, चष्मेवाल्याला फसवायला निघालीस, आणि तेही स्वतःचे डोळे घेऊन.

खूप राग आला. म्हणून पत्र नाही. वाटलं, माझ्याकडे आईचे मिटलेले डोळे तरी होते, तेही हिनं घेतले. फोटो उलटा करून ठेवला. पण उलटा ठेवूनही ते डोळे दिसत राहिले. तापात जाग आली की समोर हेच असायचे. शाळेच्या फाटकातून मागे वळून बघितलं की हेच. आई म्हटल्यावर आतून जे कुणी माझ्याकडे बघतं, त्याचे डोळे हेच आहेत. मग मी जन्मभर शोधत कुणाला होतो, ते मला कळेना.

तरी तिची जागा तिची. ताई, मला ती मिटल्या डोळ्यांची परत दे. तुझे डोळे माझ्याकडे आधीपासून आहेत.

रागावलो होतो हे मनात ठेवू नकोस. लोभ ठेव.

तुझा
गठुडं

*

दि. १५ ऑक्टोबर

चि. गठुड्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी भांडी घासली, तीही घासलेली.

आईच्या डोळ्यांना नमुनाच नव्हता. तिचे खांदे आठवतात, डोळे मलाही आठवत नाहीत. लोक म्हणायचे, मी आईवर गेले आहे. तेवढ्यावर विसंबून चष्मा काढला, खिडकीशी बसले आणि स्वतःचा फोटो काढला. जन्मभर गणित शिकवलं, आणि ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून धरली. वर्गात कुणी असं केलं असतं तर भोपळा दिला असता.

काल क्लासमध्ये ते चित्र उघडलं. डोळ्यांच्या थराला मी 'आई' असं नाव दिलं होतं. त्याच्यापुढचा बारका डोळा दाबला. माझे डोळे गेले, तिचे मिटले. मग नुसती बघत बसले. इतके दिवस मी फक्त पापण्या बघत होते, कुठे उघडायच्या म्हणून. आता हनुवटी बघितली. ती खाली झुकलेली आहे आणि नाक तुझ्या टाळूला टेकलं आहे. गाढवा, ती तुला हुंगत होती. त्यासाठी डोळे मिटले होते. फोटोग्राफर पुन्हा काढू म्हणाला, तेव्हा तीच म्हणाली होती, राहू द्या, छान आला असेल. हे मी विसरले होते.

आणखी एक. डाग मी घाईत बुजवला होता. या खेपेला बुजवला नाही, त्याच्याखालचा अंधार हळूहळू उजळत नेला. तिथे बोटं आहेत. आईची. खुर्चीच्या आडून हात मागे नेऊन तिनं माझ्या फ्रॉकची कड मुठीत धरली आहे. मी पुन्हा जिन्यावर चढू नये म्हणून असेल. किती घट्ट धरली आहे ते चुण्यांवरून कळतं. आणि मी इतकी वर्षं त्या फोटोत एकटी उभी होते. मास्तरीणबाईंनी विचारलं, मॅडम, काय झालं. मी सांगितलं, कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड डोळ्यांना सोसत नाही.

नवा फोटो सोबत आहे. आपल्या दोघांनाही धरून ती डोळे मिटून बसली आहे. भिंतीवर लाव. चपला मात्र सरळच ठेव.

पुढच्या महिन्यात चष्म्याचा नंबर तपासायला येते. दुकानात रडलास तर मी शेजारच्या दुकानातून चष्मा करून घेईन.

लोभ आहे. तो लिहून दाखवायची मला सवय नाही, एवढं समजून घे.

तुझी ताई

ता. क. तो थर पुसलेला नाही, नुसता मिटून ठेवला आहे. नाव बदलून 'ताई' केलं. कधी लागलाच तर सांग.