डावा कौल

पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

ती. मालिनीआत्यास,
सावनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावलास की पडवीत बसलेल्या बाबांना सगळं ऐकू जातं. म्हणून पत्रच बरं. शिवाय माझं पत्र लाल पेनाने तपासून परत पाठवायचं तुझं सुख मी कशाला हिरावून घेऊ? मास्तरीण निवृत्त झाली तरी पेन काही निवृत्त होत नाही.

प्रबंध रखडलाय. विषय तुला ठाऊक आहे: पुढे काय होईल हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, तेव्हा माणसं ऑपरेशनचं कसं ठरवतात. उन्हाळ्यात गुहागरपासून आपल्या नेवऱ्यापर्यंत त्रेचाळीस घरं फिरले, त्यातल्या एकवीस घरांनी देवाला कौल लावला होता. माझ्या मॅडम नागपूरच्या. त्यांना सगळं समजावलं, की गुरव देवाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो; उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. त्यांनी एवढंच विचारलं, की एकही पडली नाही तर? एकवीसपैकी एकाही घराने असं झाल्याचं सांगितलेलं नाही. धोंडू गुरवांना विचारून मला कळवशील?

आणि बाबांचं काय? पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली, ऑपरेशन केलं तर टेबलावरचा धोका, नाही केलं तर ती कधी फुटेल याचा नेम नाही. महिनाअखेर डॉक्टरांना उत्तर द्यायचंय, आणि मी विचारलं की ते कलमांच्या खताबद्दल बोलतात. मला फार भीती वाटते आत्या. आईच्या वेळीही ते असेच होते का? मी चौदा वर्षांची होते. डावा कौल मिळाला आणि मुंबईला जायचं रद्द झालं, एवढंच आठवतं.

उत्तर लवकर धाड. चुका मोजताना थोडी माया कर.

तुझी,
सावनी


नेवरे, १३ नोव्हेंबर २०२४

चि. सावनीस,
अ. उ. आ.

पत्र येऊन आठवडा होत आला. या खेपेला लाल पेन घेतलं नाही, तुझ्या चुका काढायची माझी लायकी नाही. धोंडूला विचारायचीही गरज नाही. कळी पडली नाही तर काय होतं ते मला माहीत आहे.

तुझ्या आईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. शंभरातल्या सत्तर बऱ्या होतात, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते. सुनीतीने सत्तर ऐकलं, दत्तूने तीस. शेवटी त्याने मला देवळात पाठवलं. सकाळी आठला धोंडूने कळ्या लावल्या. साडेदहा झाले तरी दोन्ही जशाच्या तशा. त्याने तीनदा गाऱ्हाणं घातलं, आणि मग म्हणाला की देव आज काय बोलत नाय, चार दिवसांनी परत येवा.

मी घरी आले. सुनीती मागल्या दारात उभी होती, पदराला हात पुसत. तिने काही विचारलं नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्या तोंडाला, देवालाही माहीत नाही, असं कसं सांगू? मी डावा म्हणाले. उजवा का नाही म्हणाले, ते मला पक्कं ठाऊक आहे. उजवा म्हणाले असते आणि ती टेबलावर गेली असती, तर मी मारली असं झालं असतं. डावा म्हटल्यावर जे होईल ते दुखण्याच्या माथी. आठ महिन्यांनी ती गेली.

ती मला दिसत नाही गं. दिसली असती तर पाय धरले असते. पण दुपारी भांडी घासताना पाठीमागे दारात कुणीतरी उभं असतं. विचारत नाही, नुसतं थांबलेलं असतं. मी वळून बघत नाही. सोळा वर्षं झाली, त्या दारातून मी एकटी आतबाहेर करत नाही. दत्तू मला भित्री म्हणून चिडवतो.

आणि काल तोच दत्तू म्हणाला, की अक्का, २५ तारखेच्या सोमवारी जाऊन माझ्यासाठी कौल लावून ये. सांग, कुठल्या तोंडाने जाऊ?

माया उरली असली तर दोन ओळी लिही.

मालिनीआत्या


पुणे, १७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
नमस्कार.

हे पत्र तीनदा फाडलं. तुझं वाचून मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. तुझा राग येतो, आणि ज्या हातांनी नंतर माझ्या वेण्या घातल्या, त्याच हातांची आठवण येते. दोन्ही एकदम कसं सोसायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

करून चुकण्यापेक्षा न करता चुकलेलं बरं वाटतं, याला माझ्या प्रबंधात एक नाव आहे. त्यावर मी चाळीस पानं लिहिली आहेत. ती पानं आता माझ्याच्याने उघडवत नाहीत.

सोमवारी देवळात जाऊ नकोस. तुझ्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडलीय; ती आणि हे पत्र बाबांच्या हातात दे. तू दिली नाहीस तर मी येऊन वाचून दाखवीन.

लोभाचं आज काही लिहीत नाही, पण तो आहे.

सावनी


नेवरे, २१ नोव्हेंबर २०२४

चि. सावनी,

मी पत्र लिहिण्यातला नाही, तुला ठाऊक आहे. अक्काने सगळी पत्रं आणून दिली आणि विहिरीकडे जाऊन बसली. जेवली नाही. मी वाचून तिला हाक मारायला हवी होती. आधी हे लिहितोय.

अक्का खोटं बोलली हे मला माहीत होतं. चौथ्या दिवशी धोंडू आरे-वारेच्या रस्त्यावर भेटला. पुन्हा कळ्या लावायला कधी येताय, त्या दिवशी देव बोलला नव्हता, असं त्याने मला विचारलं. मी बघू म्हणालो.

घरी आलो तर तुझी आई मुंबईला न्यायची पिशवी रिकामी करत होती. दोन लुगडी, पंचा, औषधांची पुरचुंडी, तुझा शाळेतला फोटो. एकेक वस्तू कपाटात ठेवत होती. मला बघून थांबली. म्हणाली, की मनाचं समाधान होत नाहीये, अजून एकदा विचारून बघू या का. मी म्हणालो, देवाला दोनदा विचारू नये. तिने मान हलवली आणि फोटो आत ठेवला.

हे मी म्हणालो, सावनी. धोंडूला भेटून घरी आल्यावर म्हणालो. ऑपरेशनच्या कागदावर सही माझी लागणार होती, आणि तिला काही झालं असतं तर ती सही जन्मभर माझ्याकडे बघत राहिली असती. अक्काने मला वाट करून दिली आणि मी तिच्यातून निसटलो. ती सोळा वर्षं त्या दाराला भिते, हे मला दिसत होतं. मी तिला चिडवत राहिलो.

कौल लावणार नाही. तिलाच परत पाठवणार होतो, यावरून मी किती बदललोय ते तुला कळेल. पत्रं वाचून झाल्यावर डॉक्टरांना फोन करून सांगितलं की ऑपरेशन करायचं. पुण्याला, २ डिसेंबरला. शनिवारी, ३० तारखेला, सकाळी हातखंब्याहून गाडी धरतो, अक्कालाही बरोबर आणतो.

कागदावर जवळच्या माणसाची सही लागते. ती तुझी लागेल. मी नीट होईन की नाही, कुणालाच माहीत नाही. हे पत्र सहीच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून आजच टाकतो. नंतर सांगितलं असतं तर ती आणखी एक लबाडी झाली असती. तू नाही म्हणालीस तर मी आल्या गाडीने परत जाईन, आणि का म्हणून विचारणार नाही.

मला जगायचं आहे. हे लिहायला लाज वाटते, कारण तिलाही जगायचं होतं, आणि तिने ते मला विचारलं होतं.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

दत्तात्रेय