पाळकाच्या हाताकडं बघ

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. काल चर्चच्या मंडळीत एका बाईने मला विचारलं, बाप्तिस्मा लहान मुलाला कसा समजवायचा. मी समजावलं, सगळ्यांना आवडलं. त्यात एक तपशील मी नेहमीसारखा गाळला, आणि तपशील गाळणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला ठाऊक आहे.

पंच्याण्णव साल, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. तुझी सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून सहा वर्षांच्या नातीला सांभाळायला तू आलीस. माझा बाप्तिस्मा बघायला नाही, हे पेणच्या रामवाडीला एसटीत चढतानाच तू बजावलंस. तेही नातीमार्फत. मी येशूचा झाल्यापासून चार महिने तू माझ्याशी सरळ बोलत नव्हतीस. "बापाला सांग, भाकर झाकून ठेवलीय," एवढंच. मी तेव्हा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचो, कोणाच्या हाताखाली न शिकता. बायबलही तसंच, एकट्याने वाचलेलं. पोरीला समजवायला मला कोणाची गरज वाटली नाही. नागोठण्यापर्यंत तिला पाप सांगितलं, तिथून पुढे तारण. माणूस पाण्याखाली जातो म्हणजे जुना माणूस पुरला जातो, वर येतो तो नवा. एकही पायरी सोडली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, समजलं.

रोह्याला कुंडलिका नदीत आमच्या मंडळीचे पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे आहेत. मी पाऊल टाकतो आणि पोर मागून माझा सदरा धरते. "बाबा, नको. तू परत यायचा नाय." पेणची पोर ती. पाण्यात नेलेलं जे जे तिने पाहिलं होतं ते विरघळलं होतं. घरी यायचा तो रिकामा पाट आणि मूठभर माती. त्यात मीच सांगून ठेवलेलं, जुना बाबा खालीच राहतो. मी पुन्हा पापापासून सुरुवात केली. ती आणखी जोरात रडायला लागली. "पुढच्या महिन्यात करू या," पाळक म्हणाले. पुढच्या महिन्यात मी पुन्हा धीर केला असता का, मला खात्री नव्हती.

तू चपला काढल्यास, पाण्याच्या कडेला बसलीस आणि तिला मांडीवर ओढलंस.

"गो बाय, गणपतीला पाण्यात नेऊन आपण काय करतो? हात सोडतो. व्हय ना? आता त्या पाळकाच्या हाताकडं बघ. बापाकडं नको, हाताकडं. सोडला तर मला सांग, मी हाय."

"तुला पोहता येतं?"

"मिठागरात, खाडीवर जन्म गेला माझा. तुझ्या बापाला काय येतं? नुसतं बोलायला."

पाळक हसले. मी खाली गेलो, वर आलो. "आजी, सोडला नाय," पोर म्हणाली. तू माझ्याकडे न बघता तिच्या हातात टॉवेल दिलास. "बापाला सांग, डोकं पूस."

तारण मला त्या दिवशी कळलं असं मी म्हणणार नाही. ते आधीच कळलं होतं, सांगता येत नव्हतं. तेव्हापासून मी हे हाताचंच सांगतो. कुठे वाचलंत, असं लोक विचारतात. "माझं मलाच सुचलं," मी म्हणतो. कालही तेच म्हणालो. तू शेवटपर्यंत विश्वासात आली नाहीस, म्हणून तुझं नाव मंडळीत घेत नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. ते खरं नाही. हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहितो: ते हाताचं सांगणं माझं असावं, एवढंच मला हवं होतं.