चिखल्याच्या निशाणाची वही

२० जुलै २०१८
आलो एकदाचा चिखल्यात! चाळीस वर्षं कविता शिकवलेल्या म्हाताऱ्याला याहून गोड काम कोण देणार? भाची सुषमा उपग्रहाच्या आकड्यांवरून अरबी समुद्रावरच्या पावसाळी वाऱ्याचे नकाशे करते. ती रोज सकाळी मोबाइलवर बाणांचा नकाशा धाडणार. मी किनाऱ्यावरच्या बांबूचं निशाण बघून खरा वारा वहीत टिपायचा. नैऋत्येचे बाण कसे ओळीने येतात, प्रार्थनेला निघालेल्या वर्गासारखे! वारा म्हणजे समुद्राचा श्वास, असं मी मुलांना सांगायचो. शेजारचा हिरू खो खो हसला. म्हणाला, गुरुजी, श्वास-बिस ऱ्हाऊ द्या, मासेमारीची बंदी उठली की होडी कधी काढू तेवढं सांगा.

२६ जुलै
नकाशात आपल्या समोरच्या समुद्रात टिकलीएवढी जागा कोरी. एकही बाण नाही. सुषमा म्हणते, मामा, जोराच्या पावसात उपग्रहाला वारा नीट दिसत नाही. पण भोवतालचे बाण त्या कोऱ्या जागेकडेच वळलेत. निशाणाला आज वास होता. सुक्या बोंबलांचा मला चालतो. हा किडक्या दाढेचा, न धुतलेल्या तोंडाचा.

३१ जुलै
कोरी जागा जवळ आलीय. निशाणाचं फडकं बुळबुळीत; बोटांना लाळेसारखी तार सुटली. तीनदा साबण लावला. हिरूच्या बायकोने, रखमीने, प्रेमाने दिलेली तांदळाची भाकरी ओकून टाकली.

३ ऑगस्ट
किळस, किळस. दोन दिवस बांबूपाशी गेलोच नाही. नकाशातले बाण बघून घरातच लिहिलं: नैऋत्य, नेहमीचा. सकाळी हिरूने विचारलं. त्यालाही तेच सांगितलं. होडी घेऊन गेला.

५ ऑगस्ट
हिरू आला नाही. रखमी माझ्या पायरीवर बसून आहे. विचारते, गुरुजी, तुम्ही निशाण बघितलेलं ना? हो म्हणालो. हो!
मग गेलो बांबूपाशी. निशाण समुद्राकडे ताठ — वीस अंक मोजले — मग जमिनीकडे. वारा कोमट, ओला, तोच वास. पुन्हा समुद्राकडे. आत. बाहेर.

७ ऑगस्ट
कोरी जागा चिखल्यावर. फडक्याला केस चिकटलेत — आखूड, मीठ लागलेले — एक दात — माणसाचा —
बोटं पुसली. वास जात नाही.
रखमी पाण्याकडे धावतेय. हिरूची हाक ऐकू येते म्हणे. मलाही येते — वाऱ्यातून, ओली —
निशाण समुद्राकडे. वीस झाले — चाळीस — सुटत नाही — पानं ओढली जाताहेत —
तिला थांबवायला हवं — खरं सांगायला — रखमी, थांब, मी निशाण बघितलंच नव्ह