काकूच्या धुऱ्यावरची नीलगिरी

बाबा, परवा दवाखान्यात शेजारच्या बाईंनी रुमालावर नीलगिरीचं तेल टाकलं आणि मला उठून बाहेर यावं लागलं. लोकांना त्या वासानं बरं वाटतं. मला शिसारी येते, आणि ती झाडाची नाही, तुमची येते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येते.

नालवाडीच्या आपल्या वावराला लागून काकूचा तुकडा होता. काका गेल्यावर ती त्यात वांगी, मेथी, कोथिंबीर लावायची आणि टोपली घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसायची. विहिरीपाशी एक जांभूळ आणि पेरूची, आपल्याकडच्या जांबाची, दोन-चार झाडं होती. एवढ्यावर ती आणि तिची मुलगी जगत होत्या. सत्तरचं दशक संपता संपता जिकडेतिकडे नीलगिरीचं वारं आलं. तुम्हीही रोपं आणलीत, आणि तीन बाजू मोकळ्या असताना नेमकी तिच्या विहिरीकडच्या बांधावर, त्या धुऱ्यावर लावलीत. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, रविवारचा हातभार लावायला आलो होतो. इथंच का, म्हणून विचारलं, तर रोपाशी माती दाबत तुम्ही हसलात. म्हणालात, "चार सालात तिची इहीर आटते. मंग थे वावर आपल्यालेच इकन." पोटभर जेवून उठलेला माणूस हसतो तसं ते हसणं होतं. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

झाडं भराभर वाढली. काकूची मुलगी खोकायला लागली की तुम्ही त्याच झाडांचा पाला जुडी बांधून पाठवायचात, वाफारा घ्यायला. भावजयीची केवढी काळजी, असं लोक म्हणायचे आणि तुम्ही ते ऐकून घ्यायचात.

विहीर खरंच खाली गेली. वांगी वाळली, जांब लिंबाएवढे होऊन गळायला लागले. मग एका दुपारी काकू आली. तुम्ही तिचे भासरे, मोठे दीर. तुमच्याशी तोंडावर बोलायची तिला मुभा नव्हती. ती पदर पुढे ओढून स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, आई चुलीपाशी आहे आणि तुम्ही हाताच्या अंतरावर ताटावर बसला आहात. ती आईकडे बघून म्हणते, "बाई, भासऱ्यायले सांगा, इहिरीत पानी नाई राह्यलं. तेवढे झाडं तोडा म्हना, दुसरं मी कायीच मांगत नाई." शब्द न् शब्द तुमच्या कानावर पडला होता. तरी आई तेच पुन्हा सांगेपर्यंत तुम्ही थांबलात, वरण-भात कालवलात आणि भिंतीकडे बघून म्हणालात, "झाडानं कोनाचं काय बिगाडलं? पानी देवाच्या हाती हाये." मग आईला तूप वाढायला सांगितलंत. रीतीच्या आड बसून इतकं निवांत जेवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

वावर तिनं तुम्हालाच विकलं आणि बोरगाव मेघेला भावाच्या आश्रयाला गेली, लोकांची धुणीभांडी करायला. पुढे शेतकी शिकलेल्या एका मित्रानं सांगितलं, की जांभूळ, जांब, लवंग आणि नीलगिरी सगळी एकाच कुळातली. म्हटलं, असतील. आपण तरी कुठं वेगळ्या कुळातले होतो.

तुम्ही गेलात त्या दिवशी काकू बोरगावहून आली. माणसं म्हणत होती, सरण घरच्याच नीलगिरीचं रचू, त्यांच्या हातची झाडं आहेत, तोडलेली लाकडं वावरात पडलीच आहेत. मी म्हटलं, ओली आहेत, आणि लाकडाच्या टालावरून गाडीभर सरपण विकत मागवलं. काकू तुमच्या पायाशी बसली होती. तुम्ही मेला होतात, तरी तिचा पदर मागे सरकला नव्हता. तिनं मला हळूच विचारलं, "काऊन रे, घरचं लाकूड असून इकत आनलं?" मी तिलाही तेच सांगितलं, ओलं आहे म्हणून.

ते खडखडीत वाळलेलं होतं, बाबा. पण ते तिच्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलं होतं, आणि तेवढंसुद्धा तुम्हाला मिळू नये असं मला वाटलं.